इंग्रजी सामासिक विशेषणाची व्युत्पत्ती कशी शोधावी : 'शेमफेस्ड'चा माग, टप्प्याटप्प्याने

शेम म्हणजे लाज, फेस म्हणजे चेहरा, म्हणून 'शेमफेस्ड' म्हणजे लाजेने ज्याचा चेहरा उतरला आहे तो. बहुतेक जण ही फोड करतात आणि तिथेच थांबतात. अर्थ नीट बसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. पण या शब्दात मुळात 'फेस' नाहीच. तो मागाहून, एका गैरसमजातून आत शिरला. तो कधी शिरला आणि का शिरला, हे पुराव्यानिशी दाखवता येतं.

इंग्रजी सामासिक विशेषणांबाबत आपल्याकडे लिहिलं जातं त्यात ही चूक पुन्हा पुन्हा दिसते. आजचं रूप आधी फोडलं जातं आणि जुनं रूप नंतर शोधलं जातं. कित्येकदा ते शोधलंच जात नाही. खरा क्रम उलटा आहे : आधी जुनी रूपं, मग फोड, मग अर्थाची चर्चा. 'शेमफेस्ड' हा एकच शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाती धरून तो क्रम खाली मांडला आहे. हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही सामासिक विशेषणाला लावता येईल.

तयारी : कोश आणि तक्ता

खिशातला किंवा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश या कामाला चालत नाही. त्यात आजचा अर्थ असतो, जुनी अवतरणं नसतात. पुढची साधनं जवळ हवीत.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे ऐतिहासिक पद्धतीने रचलेला मोठा कोश. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ ची, वीस खंडांची. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर ती घरबसल्या उघडते. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी आधी आपलं कार्ड वापरून पाहावं. भारतात एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. काहीच जमलं नाही तर १८८४ ते १९२८ या काळात निघालेल्या पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात. जुने आहेत म्हणून ते कमी उपयोगाचे समजू नका. अवतरणांचा साठा तिथेही भरपूर आहे.

मिडल इंग्लिश डिक्शनरी, मिशिगन विद्यापीठाची. साधारण ११०० ते १५०० या काळातली इंग्रजी. ऑनलाइन आणि मोफत.

बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश. त्याआधीच्या, म्हणजे जुन्या इंग्रजीसाठी. हाही मोफत.

अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइनमधली टंकलिखित पुस्तकं. १७०० पर्यंत छापलेली हजारो इंग्रजी पुस्तकं माणसांनी वाचून टाइप केलेली आहेत. त्यांचा पहिला संच २०१५ मध्ये आणि दुसरा २०२० मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

यांशिवाय एटिमऑनलाइन हे इंग्रजी व्युत्पत्तीचं संकेतस्थळ आहे. दिशा कळण्यासाठी ते उत्तम, पण तिथलं वाक्य उचलून स्वतःचा निष्कर्ष म्हणून लिहू नये.

आता एक तक्ता आखा. रकाने असे : लिहिल्याचं साल, आपल्या हाती असलेल्या प्रतीचं साल, स्पेलिंग जसंच्या तसं, ग्रंथ आणि आवृत्ती, पूर्ण वाक्य, संदर्भावरून दिसणारा अर्थ. पहिले दोन रकाने वेगळे ठेवणं अत्यावश्यक आहे. चॉसर हा जुना इंग्रजी कवी १४०० मध्ये वारला. त्याच्या कँटरबरीच्या कथांची त्याच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नाही, आहेत त्या नकलाकारांच्या. शब्द चॉसरचा असला तरी स्पेलिंग नकलाकाराचं असू शकतं. दोन सालं एकाच रकान्यात कोंबली की हा फरक कायमचा हरवतो.

टप्पा १ : शब्द नक्की करा

आजचं रूप, आजचा अर्थ आणि व्याकरणातली जात एका ओळीत लिहा. 'शेमफेस्ड' : विशेषण, ओशाळलेला, खजील, आपल्या हातून काही चुकलं हे चेहऱ्यावर दिसतं असा. क्रियाविशेषण आणि भाववाचक नाम ही त्याची पिल्लंही टिपून ठेवा, कारण जुना पुरावा पुष्कळदा विशेषणापेक्षा भाववाचक नामात जास्त टिकून राहतो. या शब्दाच्या बाबतीत तर तसंच झालं आहे.

मधली जोडरेघ आहे की नाही यात वेळ घालवू नका. इंग्रजीत जोडरेघ छापखान्याच्या आणि काळाच्या सवयीने येते-जाते. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाने २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० जोडरेघा काढून टाकल्या. त्यामुळे कुठल्याही शब्दाची व्युत्पत्ती बदलली नाही.

सावधान : या टप्प्यावर शब्द फोडायचा नाही. मनात फोड आलीच तर तक्त्याच्या तळाशी 'अंदाज' असं लिहून ठेवा आणि पुढे चला.

टप्पा २ : आजपासून मागे जात जुनी रूपं गोळा करा

मागे जाताना एकेक कोश ओलांडायचा. ऑक्सफर्डच्या नोंदीत सुरुवातीलाच शतकवार स्पेलिंगची यादी असते. वाचक ती सोडून थेट अर्थाकडे जातात. ती यादी आधी वाचा. आपल्या शब्दापुढे ती स्पष्ट सांगते की 'फेस्ड' हे शेपूट सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसू लागतं आणि त्याआधी शब्द 'शेमफास्ट' असा आहे. आपला सगळा शोध या एका निरीक्षणावर फिरतो.

इथून मिडल इंग्लिश डिक्शनरीत जा. आजचं स्पेलिंग घालून काही सापडलं नाही म्हणून परत फिरू नका. त्या काळात आजचा 'श' अनेकदा एस-सी-एच असा लिहिला जाई. शब्दातल्या मधल्या आणि शेवटच्या ई चं तर काही ठरलेलं नव्हतं. शोधचौकटीत तारकाचिन्ह वापरून 'काहीही, मग फास्ट' असा शोध घेतला तर 'शेमफास्ट'ची भावंडंही समोर येतात. ती पुढे टप्पा ५ मध्ये लागणार आहेत, टिपून ठेवा.

चॉसरच्या वैद्याच्या कथेत व्हर्जिनिया या मुलीचं वर्णन आहे. तिथे एकाच ओळीत हा शब्द दोनदा येतो, एकदा विशेषण म्हणून आणि एकदा भाववाचक नाम म्हणून : ती मुलगी शेमफास्ट होती, कुमारिकेला साजेशा शेमफास्टनेसने. दोन्हीकडे 'फास्ट'. अर्थही पाहा. त्या मुलीच्या हातून काहीच चुकलेलं नाही. इथे ओशाळणं नाही, मर्यादा आणि विनय आहे.

त्याही मागे जायचं तर बॉसवर्थ-टॉलर. इथे हमखास अडकायला होतं, कारण जुन्या इंग्रजीत एस-एच ही जोडी नाही. आज आपण 'श' म्हणतो तो उच्चार तिथे एस-सी असा लिहिलेला असतो. 'फास्ट'मधला स्वर ए आणि ई जोडून केलेल्या एका अक्षराने लिहितात. ते अक्षर कळफलकावर नसेल तर कोशाच्या पानावरून उचलून चिकटवा. इतकं केल्यावर जुनं रूप सापडतं. उच्चारी साधारण 'शामफॅस्ट', लेखनात सुरुवातीला एस-सी.

आणि पुरावाही अव्वल दर्जाचा आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाने पोप ग्रेगरीचा धर्मगुरूंसाठीचा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. त्यात एका प्रकरणाचा विषय असा की निर्लज्जांना एका तऱ्हेने शिकवावं आणि लाजऱ्यांना दुसऱ्या. 'निर्लज्ज'साठी तिथे 'शामलेअस' आहे, म्हणजे आजचा शेमलेस. त्याच्या समोर, विरुद्धार्थी म्हणून, 'शामफॅस्ट' ठेवला आहे. मूळ लॅटिन शब्द 'वेरेकुंदी' आहे, म्हणजे विनयशील, भीड बाळगणारे. अनुवाद असल्यामुळे अर्थाचा पुरावा आयता मिळतो : अनुवादकाने हा शब्द कशासाठी वापरला ते लॅटिन वाक्यच सांगतं. जुन्या इंग्रजीतला कुठलाही शब्द शोधताना तो एखाद्या अनुवादात आहे का हे आवर्जून पाहा.

तपासा : तक्त्यात निदान तीन वेगवेगळ्या शतकांतल्या नोंदी झाल्या का? आल्फ्रेडच्या काळची एक, चॉसरची एक, सोळाव्या-सतराव्या शतकातली एक. या तिन्हींपैकी एखादी जागा कोरी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : उतारा स्वतः पाहा, आणि तो कोणत्या छापाचा आहे ते पाहा

कोशातलं अवतरण खरं असतं, पण तुटक असतं. मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय अर्थ ठरत नाही. म्हणून मूळ पुस्तकापर्यंत जायचं.

या टप्प्यावर सगळ्यात मोठा घोटाळा नंतरच्या छापांमुळे होतो. आपल्या शब्दाचं उदाहरण तर नमुनेदार आहे. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, नवव्या वचनात, स्त्रियांच्या वेषभूषेबद्दल बोलताना हे भाववाचक नाम येतं. आज तेच भाषांतर कुठल्याही संकेतस्थळावर उघडा, तिथे 'शेमफेस्डनेस' दिसेल. त्यावरून कुणी लिहितो, 'बघा, १६११ मध्ये फेस होताच.' पण १६११ च्या मूळ छापाच्या पानाची प्रतिमा उघडली तर तिथे 'शेमफास्टनेस' आहे. नंतरच्या मुद्रकांनी आपल्या काळचं रूप घातलं आणि वर साल जुनंच राहिलं. पुढे १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा 'शेमफास्टनेस' पुन्हा आणलं गेलं. त्यामुळे भाषांतराचं नाव आणि साल सांगून पुरत नाही, कोणता छाप हे सांगावंच लागतं.

दुसरा घोटाळा यंत्राच्या वाचनाचा. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांबट असे, जवळजवळ एफ सारखा, फक्त त्याची आडवी रेघ उजवीकडे जात नाही. पान स्कॅन करून अक्षरं ओळखणारं यंत्र त्याला बिनदिक्कत एफ समजतं. त्यामुळे 'शेमफास्ट' हा शब्द यंत्राच्या मजकुरात एफ-एच-ए-एम-ई-एफ-ए-एफ-टी असा पडून राहतो. तुम्ही बरोबर स्पेलिंग घालून शोधता आणि काहीच सापडत नाही. गुगल बुक्समध्ये १८०० च्या आधीचं काही शोधताना हे बिघडलेलं स्पेलिंगही घालून बघा. त्यातही एक बारकावा असा की 'शेमफेस्ड'मध्ये दुसऱ्या एस च्या जागी सी आहे, तेवढी जागा तरी यंत्र नीट वाचतं. म्हणजे यंत्राचा मजकूर 'फेस्ड'च्या बाजूने झुकलेला असतो. सालवार वापराचे आलेख काढून 'फास्ट कधीच मेला होता' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. याच कारणासाठी माणसांनी टाइप केलेली पुस्तकं वर सुचवली.

तपासा : प्रत्येक नोंदीपुढे पानाची प्रतिमा पाहिली की नुसता मजकूर, हे लिहिलं आहे का?

टप्पा ४ : दोन्ही घटकांची स्वतंत्र जन्मतारीख काढा

आता घटकांकडे. पण अजून जोडायचे नाहीत. प्रत्येक घटक इंग्रजीत कधीपासून आहे, तेवढंच पाहायचं.

'शेम' : जुन्या इंग्रजीपासून. अडचण नाही.

'फेस' : फ्रेंचमधून, १३०० च्या आसपास. त्याचं मूळ लॅटिन 'फाकीएस'.

'फास्ट' : जुन्या इंग्रजीपासून, अर्थ घट्ट, पक्का, स्थिर.

आता तारखा शेजारी ठेवा. आल्फ्रेडच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, समास तयार आहे. 'फेस' इंग्रजीत यायला त्यानंतर चारशे वर्षं लागली. जो शब्द भाषेत नव्हता तो समासात असू शकत नाही. वादाला जागा उरत नाही. व्युत्पत्तीच्या कामात इतका निर्णायक पुरावा नेहमी मिळत नाही. मिळाला की तो आपल्या लेखात पुढे ठेवावा, तळटीपेत दडवू नये.

ही तारखांची कसोटी इतकी सोपी आहे की ती न लावण्याला सबब नाही. आपण मराठीतही रोज म्हणतो तो 'ब्रँड न्यू' घ्या. पुष्कळांना वाटतं, कंपनीचा ब्रँड, त्याचं लेबल न काढलेली नवी वस्तू. पण 'ब्रँड न्यू' सोळाव्या शतकात सापडतो आणि 'ब्रँड'ला व्यापारी छापाचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला आहे. जुना 'ब्रँड' म्हणजे जळतं लाकूड, आग. भट्टीतून नुकतंच काढलेलं ते ब्रँड न्यू. शेक्सपिअरच्या नाटकांत याच अर्थाने 'फायर न्यू' येतो, तो या अर्थाला चांगला आधार देतो.

सावधान : घटकाचा आजचा अर्थ घेऊ नका, समास घडला त्या काळचा घ्या. 'फास्ट' म्हटलं की आपल्याला वेग आठवतो. जुना अर्थ आजही जिवंत आहे, फक्त तो ओळखावा लागतो : घट्ट बांधणं या अर्थाचा 'फासन', गाढ झोपलेला या अर्थाचा 'फास्ट अस्लीप', धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाला म्हणतात तो 'कलरफास्ट'.

टप्पा ५ : समासविग्रह करा

इथे मराठी वाचकाला चांगलीच सोय आहे. शाळेत घोकलेले तत्पुरुष आणि बहुव्रीही इंग्रजीलाही लावता येतात. इंग्रजी व्याकरणकारही 'बहुव्रीही' हीच संज्ञा वापरतात.

आजचं रूप पाहिलं तर 'शेमफेस्ड' बहुव्रीहीसारखा दिसतो : लज्जा आहे मुखावर ज्याच्या तो. जुनं रूप मात्र तत्पुरुष आहे. त्याचे दोन विग्रह संभवतात. लज्जेने बद्ध, म्हणजे भीड ज्याला धरून ठेवते तो, हा तृतीया तत्पुरुष. किंवा लज्जेत स्थिर, विनय ज्याचा ढळत नाही तो, हा सप्तमी तत्पुरुष. कोशकार दोन्ही शक्यता मांडतात. आपणही दोन्ही मांडाव्यात.

निवड करायची तर भावंडांकडे पाहावं. टप्पा २ मध्ये टिपून ठेवलेले 'फास्ट'वाले शब्द आता काढा. 'स्टेडफास्ट' : 'स्टेड' म्हणजे जागा, तोच 'इन्स्टेड' आणि 'होमस्टेड'मध्ये आहे. जागी स्थिर, अढळ. 'सूथफास्ट' : 'सूथ' म्हणजे सत्य. सत्यात स्थिर, सत्यवचनी. दोन्ही सप्तमी तत्पुरुष. भावंडं अशी असताना 'शेमफास्ट'ही त्याच साच्यातला मानावा, हे मला जास्त पटतं. पण हे मत आहे, सिद्धता नाही, आणि लेखात ते मत म्हणूनच यायला हवं.

तपासा : विग्रह करताना तुम्ही सगळ्यात जुनं रूप वापरलंत ना? आजचं रूप वापरलं असेल तर मागे जा.

टप्पा ६ : रूप का बदललं ते दाखवा

'लोकव्युत्पत्ती झाली' एवढं लिहून सोडू नये. लोकांना जुना घटक कळेनासा होतो आणि ते त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवतात, ही लोकव्युत्पत्ती. पण ती सरसकट होत नाही. कारणं द्यावी लागतात, आणि या शब्दात ती तीन आहेत.

पहिलं उच्चाराचं. समासात जोर पहिल्या घटकावर येतो आणि दुसरा बोथट होतो. 'शेम'वर जोर दिला की पुढचं 'फास्ट' आणि 'फेस्ड' कानाला जवळजवळ सारखेच पडतात.

दुसरं अर्थाचं. विशेषण म्हणून 'फास्ट'ला वेगवान हा अर्थ सोळाव्या शतकात चिकटत होता. लाजेने वेगवान? काहीच बोध होईना.

तिसरं साच्याचं. त्याच शतकात 'फेस्ड'ने संपणारी विशेषणं इंग्रजीत रुळत होती. 'ब्रेझनफेस्ड', म्हणजे पितळी चेहऱ्याचा, निलाजरा, आणि 'बेअरफेस्ड', म्हणजे उघड्या तोंडाचा, ही दोन्ही त्याच काळातली. लाज आणि चेहरा यांची सांगड घालणारे शब्द त्या सुमारास तोंडात येत होते. 'शेमफास्ट' त्यांच्या रांगेत जाऊन बसला.

आता उलट तपासणी. 'स्टेडफास्ट' का नाही बदलला? कारण त्यात स्थिरपणाचा अर्थ अजून जाणवतो, आणि 'स्टेडफेस्ड' असं काही म्हणावं असा ओढा कुणाला नव्हता. जे बदललं नाही त्याचं कारणही देता आलं तर जे बदललं त्याचं कारण भक्कम होतं.

असाच दुसरा बदल 'स्टार्क नेकेड'मध्ये आहे. पूर्वी तो 'स्टार्ट नेकेड' होता. 'स्टार्ट' म्हणजे शेपूट, म्हणजेच ढुंगणापर्यंत उघडा. तो 'स्टार्ट' विसरला गेला आणि कडक, निव्वळ या अर्थाचा 'स्टार्क' आत आला. जुना 'स्टार्ट' एका पक्ष्याच्या नावात मात्र टिकला आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो, शेपटी सारखी थरथरवत कुंपणावर बसतो, तो थिरथिरा. त्याचं इंग्रजी नाव 'रेडस्टार्ट' आहे, लाल शेपटीचा. हरवलेला घटक पक्षी, वनस्पती किंवा गावांच्या नावांत शोधावा. तिथे तो बराच काळ तग धरतो.

टप्पा ७ : सगोत्र भाषांत डोकवा, पण मर्यादेत

जर्मनमध्ये 'शाम' म्हणजे लाज आणि 'फेस्ट' म्हणजे घट्ट. दोन्ही आपल्या घटकांचे खरे सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून निघालेले, आहेत. मात्र जर्मनमधलं 'शामहाफ्ट' हे विशेषण पाहून 'हाच तो शेमफास्ट' असं म्हणू नका. अर्थ तोच, पहिला घटक तोच, पण 'हाफ्ट' वेगळ्या मुळाचा आहे. त्याचं नातं लॅटिन 'काप्टुस'शी, म्हणजे 'पकडलेला'शी आहे.

आणि आता आपल्या घरातला सापळा. शेम आणि शरम! ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, की लगेच 'मूळ एकच' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. 'शरम' मराठीत फारसीतून आला. त्याचं अवेस्तेतलं, म्हणजे प्राचीन इराणी धर्मग्रंथातलं, रूप 'फ्शरम' असं आहे, सुरुवातीला 'फ' आणि मधे 'र'. इंग्रजी 'शेम'च्या सुरुवातीला पूर्वी 'स्क' होता, त्यात 'फ' नाही की 'र' नाही. दोन्ही शब्द जसजसे मागे न्यावेत तसतसे एकमेकांपासून दूर जातात. खरे सगोत्र शब्द मागे गेल्यावर जवळ येतात. संस्कृत-इंग्रजी साम्य दाखवणाऱ्या कितीतरी याद्या ही एक कसोटी लावली की निम्म्या गळतात.

प्राचीन जर्मानिकच्या, म्हणजे इंग्रजी आणि जर्मनच्या समान पूर्वज भाषेच्या, मागे 'शेम'चं मूळ 'झाकणे' या अर्थाच्या धातूत असावं, असा एक अंदाज कोशांत असतो. त्यापुढे 'कदाचित' लिहिलेलं असतं. तो 'कदाचित' तुमच्या लेखातही उतरला पाहिजे.

टप्पा ८ : रूपाचा प्रवास आणि अर्थाचा प्रवास वेगवेगळा लिहा

तक्त्यातला शेवटचा रकाना वरून खाली वाचा. आल्फ्रेडकडे भिडस्त, विनयी. चॉसरकडे विनयी. सोळाव्या शतकात 'फेस्ड' आला तरी अर्थ आधी विनयीच राहिला. ओशाळलेला, चूक केल्याने खजील झालेला, हा अर्थ त्यानंतर बळावला. भिडस्त हा स्वभावाचा गुण, ओशाळणं ही प्रसंगाची अवस्था. 'चेहरा' शब्दात आल्यावर लोकांचं लक्ष स्वभावावरून त्या क्षणीच्या चेहऱ्याकडे वळलं, हे स्पष्टीकरण सयुक्तिक वाटतं. पण दोन्ही बदलांना एकच साल देऊ नका.

जुना मजकूर मराठीत आणणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. सतराव्या शतकातल्या पुस्तकात हे विशेषण आलं तर तिथे 'ओशाळलेला' लिहून चालणार नाही. बहुधा 'भिडस्त', 'सलज्ज' किंवा 'मर्यादशील' लागेल.

टप्पा ९ : नोंद लिहा

सगळं हाती आल्यावर नोंद थोडक्यात लिहावी. या शब्दाची नोंद मी अशी लिहीन :

शेमफेस्ड, विशेषण. अर्थ : ओशाळलेला, खजील, पूर्वी भिडस्त, विनयी. हे रूप सोळाव्या शतकाच्या मध्यापासून. त्याआधी शेमफास्ट, जुन्या इंग्रजीत शामफॅस्ट, नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेडच्या अनुवादात, लॅटिन 'वेरेकुंदी'साठी. घटक : शेम, लाज, फास्ट, स्थिर किंवा बद्ध. विग्रह : लज्जेत स्थिर, किंवा लज्जेने बद्ध. 'फेस' हा मूळ घटक नाही; तो शब्द इंग्रजीत १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून आला. बदलाचं कारण लोकव्युत्पत्ती : उच्चारसाम्य, 'फास्ट'चा बदलता अर्थ आणि 'फेस्ड'वाल्या विशेषणांचा साचा. रूप व काळ : खात्रीचे. विग्रहातली निवड : मत.

शेवटच्या दोन तुकड्या वाक्यांवर माझा आग्रह आहे. वाचकाला कुठे पाय रोवून उभं राहता येईल आणि कुठे नाही, हे त्याला कळायला हवं.

क्रम कुठे वाकवावा लागतो

सगळीच विशेषणं 'शेमफेस्ड'सारखी वागत नाहीत. चार प्रकार वारंवार भेटतात.

समास वाटतो, पण नसतो. 'रॅमशॅकल' म्हणजे खिळखिळा, मोडकळीला आलेला. यात मेंढा या अर्थाचा 'रॅम' आणि बेडी या अर्थाचा 'शॅकल' शोधू नका. मागे गेलात की 'रॅन्सॅकल' लागतो आणि त्यामागे 'रॅन्सॅक', घर उलथंपालथं करून झडती घेणं. खरा समास त्याच्याही मागे, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत आहे : 'रान' म्हणजे घर आणि 'साका' म्हणजे शोधणं. अशा वेळी टप्पा ५ दुसऱ्या भाषेत करावा लागतो.

समास आयता आलेला असतो. 'फूलहार्डी', वेडं धाडस करणारा, हा इंग्रजीत जोडला गेला नाही. जुन्या फ्रेंचमधून 'फोल हार्दी' असा जोडूनच आला.

समास परभाषेच्या नमुन्यावर घडवलेला असतो. 'ब्लडथर्स्टी', म्हणजे रक्तपिपासू, कव्हरडेलच्या १५३५ च्या बायबलमध्ये आहे. कव्हरडेल जर्मन आणि लॅटिनवरून भाषांतर करत होता, आणि ल्यूथरच्या जर्मनमध्ये तसाच 'ब्लूटड्युर्स्टिश' होता. इथे दोन्ही घटक अस्सल इंग्रजी आहेत, पण त्यांना एकत्र आणण्याची कल्पना बाहेरची आहे. नुसते घटक तपासून हे कधीच कळणार नाही.

आणि समासाच्या जागी आद्याक्षरांची कहाणी असते. 'पॉश' हा मुंबईच्या वाचकाला हमखास ऐकवला जाणारा किस्सा. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना बोटीची डावी बाजू आणि परत जाताना उजवी बाजू थंड, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं उमटवत, असं सांगतात. तशा शिक्क्याचं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही आणि ऑक्सफर्डचा कोश ही कहाणी मानत नाही. विसाव्या शतकाआधीच्या शब्दाला आद्याक्षरांची व्युत्पत्ती दिलेली दिसली की टप्पा ३ कडे या आणि छापील पुरावा मागा.

सरावासाठी दोन शब्द

'हेडलाँग', म्हणजे डोकं पुढे करून, बेधडक, हा शब्द घ्या. 'हेड' आणि 'लांब' अशी फोड सुचेल, ती तक्त्याच्या तळाशी 'अंदाज' म्हणून लिहा. मग मिडल इंग्लिश डिक्शनरीत शेपटाकडे लक्ष द्या. तिथे 'लाँग' नसून 'लिंग' हा क्रियाविशेषणाचा प्रत्यय मिळेल, जो 'डार्कलिंग', म्हणजे अंधारात, या शब्दात आजही आहे.

त्यानंतर 'ल्यूकवॉर्म'. संत ल्यूकला यातून पहिल्याच टप्प्यावर बाहेर काढा. मग मध्ययुगीन इंग्रजीत 'ल्यूक' हे एकटं विशेषण म्हणून कोणत्या अर्थाने येतं ते पाहा. तो अर्थ 'कोमट' असा निघाला की विग्रह लिहायला घ्या : दोन्ही घटक उबेबद्दलच बोलत असताना हा तत्पुरुष मानायचा की आणखी काही, ते भावंडं गोळा करून ठरवा.